काचेवरचा बर्फ वितळवू नका, सोडवा

कडाक्याच्या थंडीत सकाळी गाडीची पुढची काच पांढरीफटक झालेली असते. बहुतेकजण एंजिन सुरू करतात, ब्लोअर पूर्ण सोडतात आणि काच आपोआप साफ होण्याची वाट बघत आत बसतात. पंधरा-वीस मिनिटं जातात, पेट्रोल जळतं आणि काचेच्या तळाशी जेमतेम दोन वितींचा पट्टा मोकळा होतो.

असं का होतं, याचा हिशेब सोपा आहे. एक किलो बर्फ वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्या उष्णतेत एक किलो पाणी शून्यापासून ८० अंश सेल्सियसपर्यंत तापतं. पुढची काच साधारण सव्वा चौरस मीटर धरली, तर तिच्यावरचा एक मिलिमीटरचा कडक थर म्हणजे किलोभराहून जास्त बर्फ. तो सगळा वितळवायचा आणि तोही नुकत्याच सुरू केलेल्या थंड एंजिनच्या जिवावर. एंजिनमधलं कूलंट, म्हणजे एंजिन थंड ठेवणारा द्रव, तापल्याशिवाय हीटरमधून गरम हवा येत नाही, आणि उभ्या गाडीचं एंजिन फार सावकाश तापतं. डिझेल गाडीत तर आणखी वेळ लागतो.

पण सगळा बर्फ वितळवण्याची गरजच नसते. काचेला चिकटलेला सर्वात खालचा पापुद्रा ढिला झाला, की वरचा थर तुकड्यातुकड्यांनी निघतो. म्हणून काम तीन बाजूंनी करायचं: आतून हवा, बाहेरून अल्कोहोलचा फवारा आणि हातात स्क्रेपर, म्हणजे बर्फ खरवडायचं पातं. न्यू जर्सी, शिकागो, टोरांटो किंवा म्युनिकमध्ये पहिला हिवाळा काढणाऱ्यांनी एवढं पक्कं बसवलं, तर सकाळचं काम सात-आठ मिनिटांत आटोपतं.

कामाचा क्रम

एंजिन सुरू करण्याआधी दोन गोष्टी बघा. पहिली, वायपरची कांडी बंदवर आहे ना. पावसाचा अंदाज घेऊन आपोआप चालणारे वायपर असतील, तर तो 'ऑटो' बंद करा. वायपर काचेला गोठून बसलेले असताना मोटर फिरायला गेली, तर नशीब असेल तर फ्यूज जातो आणि नसेल तर वायपरचा सांधा किंवा मोटर. दुसरी, सायलेन्सरच्या नळीचं तोंड. रात्री बर्फ पडला असेल किंवा बर्फ काढणाऱ्या ट्रकने ढीग गाडीमागे लोटला असेल, तर नळी बुजते आणि धूर गाडीत शिरतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. मुलांना ऊब मिळावी म्हणून आत बसवून आई-बाबा बाहेर काच खरवडत राहतात, हे दृश्य पार्किंगमध्ये नेहमीचं आहे. नळी मोकळी केल्याशिवाय कुणालाही आत बसवू नका. आणि बंद गॅरेजमध्ये एंजिन तापवायचंच नाही. शटर उघडं ठेवलं तरी नाही. गॅरेज घराला जोडलेलं असेल, तर धूर घरात जातो.

आता एंजिन सुरू करा (जर्मनीत मात्र खरवडून झाल्यावर; का, ते कायद्याच्या भागात येईल) आणि हवेचा झोत पुढच्या काचेकडे वळवा. बहुतेक गाड्यांत पंख्यासारख्या आकाराच्या काचेवर वर जाणाऱ्या वळणदार बाणांचं चिन्ह असतं, ते पुढच्या काचेचं बटण. चौकोनात तेच बाण असतील, तर ते मागच्या काचेचं. दोन्ही दाबा. आतलीच हवा फिरवणारं बटण, म्हणजे गाडीच्या चित्रात गोल फिरणारा बाण, बंद ठेवा. एसी चालू ठेवा; का, ते पुढे येईल. तापमान आधी मध्यम ठेवा आणि दोनेक मिनिटांनी पूर्ण वाढवा. एकदम पूर्ण उष्णतेवर टाकलं आणि काचेत कुठे बारीकसा टवका असला, तर तिथून तडा धावू शकतो.

मग बाहेर या. भुसभुशीत बर्फ असेल तर ब्रशने आधी टप साफ करा. हे काम टाळलं जातं आणि त्याचा फटका नंतर बसतो: पहिल्या सिग्नलला ब्रेक मारला की टपावरचा आतून ऊब लागलेला थर घसरून थेट पुढच्या काचेवर येतो. टपानंतर काच, मग बॉनेट. काचेच्या बुडाशी, बॉनेट संपतं तिथे, काळी जाळी असते. हीटरची हवा तिथूनच आत येते. ती बर्फाखाली असेल तर ब्लोअर कितीही ओरडला तरी काच साफ होणार नाही, उलट आतून धुरकट होईल. गाडी झाडाखाली उभी असेल तर त्या जाळीतली कुजकी पानंही काढा.

टपाला आणि बॉनेटला फोमचा ब्रश वापरा, कडक स्क्रेपर फक्त काचेला. रंगावर स्क्रेपर लावला तर ओरखडे कायमचे.

आता फवारा मारा. वरच्या कडेपासून सुरुवात करा म्हणजे द्रव ओघळत खाली येईल. एक-दोन मिनिटं थांबा. या वेळात मागची काच, बाजूच्या काचा आणि आरसे ब्रशने झाडून घ्या.

कडक बर्फ असेल तर स्क्रेपरच्या मागच्या बाजूचे दाते वापरून थरावर आडव्या-उभ्या रेघा ओढा. द्रव त्या भेगांतून खाली झिरपतो आणि थर चौकोनी तुकड्यांनी सुटतो. मग सपाट धार टेकवून, साधारण ४५ अंशांच्या कोनात, एकाच दिशेने ढकला. पुढे-मागे घासू नका. बर्फात रस्त्यावरची वाळू आणि मीठ अडकलेलं असतं, ते पात्याबरोबर मागे ओढलं गेलं की काचेवर बारीक ओरखडे उठतात. दिवसा ते दिसत नाहीत. रात्री समोरून गाडी आली की त्या प्रत्येक ओरखड्यावर प्रकाश फुटतो.

खरवडायला सुरुवात खालून करा, कारण गरम हवा तिथे आधी पोहोचते आणि थर तिथे आधी सुटतो. वरचा भाग तोवर भिजत राहतो.

शेवटी वायपर. त्यांच्या पात्यावर फवारा मारा, मिनिटभर थांबा आणि हाताने अलगद उचला. ओढून काढलं तर रबर काचेला चिकटून फाटतं. रबरावरचे बर्फाचे मणी बोटांनी निपटून काढा, नाहीतर वायपर फिरला तरी मधे पट्टे तसेच राहतात. हेडलाइट आणि मागचे दिवेही पुसा. एलईडी दिवे जुन्या हॅलोजनसारखे तापत नाहीत, त्यामुळे त्यांच्यावरचा बर्फ आपोआप वितळत नाही. आरशामागे काचेला कॅमेरा असेल, तर त्याच्यासमोरची जागा नीट साफ करा, नाहीतर लेन सांभाळणारी आणि आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा बंद पडते.

मागच्या काचेला आतून कधीच खरवडू नका. त्या तांबूस आडव्या रेघा म्हणजे तापणाऱ्या तारा. एक तुटली की तेवढा पट्टा कायमचा गोठलेला राहतो. ही तापवणी बहुतेक गाड्यांत दहा-पंधरा मिनिटांनी स्वतःहून बंद होते. काच तोवर साफ झाली नसेल तर पुन्हा दाबा.

फवारा घरी कसा बनवायचा

औषधाच्या दुकानात मिळणारं ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल दोन भाग, पाणी एक भाग. अर्ध्या लिटरच्या बाटलीत ३३० मिली अल्कोहोल, १७० मिली पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब. साबणामुळे द्रव थेंबाथेंबाने न थांबता पसरतो. ९१ टक्क्यांची बाटली मिळाली तर पाणी आणि अल्कोहोल समसमान घ्या, तीव्रता जवळपास तीच येते. हे मिश्रण शून्याखाली वीसेक अंशांपर्यंत पातळ राहतं. त्याहून जास्त थंडी असेल तर ७० टक्क्यांचं अल्कोहोल पाणी न घालता वापरा.

बाटली घरात ठेवा. गाडीत ठेवली तर फवाऱ्याचं तोंड गोठू शकतं, आणि उबदार द्रव पहिल्या मिनिटात जास्त काम करतो. हे ज्वालाग्राही आहे, म्हणून सिगरेट किंवा आगीजवळ नको, आणि बंद गाडीच्या आत फवारू नका. फवारून झाल्यावर काच ओली सोडू नका. अल्कोहोल उडून जातं, मागे पाणी राहतं आणि तेच पुन्हा गोठतं. स्क्रेपरच्या रबरी कडेने किंवा मायक्रोफायबरच्या फडक्याने निपटून घ्या.

इंटरनेटवर व्हिनेगर आणि पाण्याचा फवारा फार सांगितला जातो. त्याच्यावर विसंबू नका. घरातलं व्हिनेगर म्हणजे ५ टक्के अ‍ॅसेटिक आम्ल आणि बाकी पाणी. ते शून्याच्या खाली दोनेक अंशांतच गोठतं, त्यात आणखी पाणी घातलं तर त्याआधी. रात्री फवारून ठेवलं तर बर्फाचा एक थर आपणच लावून ठेवला असं होतं. मिठाचं पाणी बर्फ वितळवतं हे खरं, पण ते काचेवरून ओघळून बॉनेटच्या सांध्यांत, वायपरच्या बिजागरीत आणि जाळीखाली साचतं. रस्त्यावरच्या मिठाने पत्रा गंजतोच, त्यात आपली भर कशाला?

गरम पाणी: सर्वात महाग उपाय

उकळतं पाणी काचेवर ओतू नका. पुढची काच दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पडदा घालून चिकटवलेली असते. शून्याखालच्या काचेवर गरम पाणी पडलं की बाहेरची काच एकदम प्रसरण पावते, आतली थंडच राहते. धडधाकट काच एखाद वेळी हे सोसते. पण खडी उडून पडलेला दोन-तीन मिलिमीटरचा टवका असेल तर तिथे ताण एकवटतो आणि तडा हातभर पळतो. टवक्यात रेझिन भरून घेणं स्वस्त पडतं, काच बदलणं महाग. शिवाय काचेमागे कॅमेरा असेल तर काच बदलल्यावर तो पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. थंडी पडायच्या आधी, ऑक्टोबरमध्येच, टवके भरून घ्या.

पाणी कोमट असेल तर काच वाचेल, पण उणे पाच-सहा अंशांत ते काचेवरून खाली पोहोचेपर्यंत पुन्हा गोठतं, आणि जे जमिनीवर पडतं त्याचा तुमच्याच दाराशी गुळगुळीत बर्फ होतो. हेअर ड्रायर चालतो, पण बाहेर वीज ओढून ओल्या बर्फात उभं राहणं धोक्याचं आहे. क्रेडिट कार्डने खरवडणं पातळ पापुद्र्यापुरतं ठीक; कडक बर्फावर कार्ड तुटतं. उलथणं, पट्टी, चाकू असं धातूचं काहीही नको. पितळी पात्याचे खास स्क्रेपर मिळतात, ते कडक बर्फाला चांगले, कारण पितळ काचेपेक्षा मऊ असतं. फक्त पातं स्वच्छ हवं.

काच आतून गोठते तेव्हा

बाहेरचा बर्फ निघाला आणि आत पांढरं तसंच आहे, तर दोष बाहेर नाही, गाडीत साठलेल्या ओलाव्यात आहे. बुटांना लागून आलेला बर्फ पायपुसण्यावर वितळतो, रात्री ती वाफ काचेवर जाऊन गोठते. आत खरवडू नका. सगळा बर्फाचा भुगा डॅशबोर्डवर पडतो, वितळतो आणि उद्या पुन्हा काचेवर चढतो. हवा चालू करा, दोन खिडक्या बोटभर खाली करा, थर ओला झाला की कोरड्या फडक्याने पुसा.

थंडीत एसी चालू ठेवायला सांगितलं की लोकांना आश्चर्य वाटतं. एसीच्या थंड नळ्यांवर हवेतला ओलावा साचतो आणि बाहेर टपकतो, मग तीच कोरडी हवा हीटरवरून गरम होऊन काचेवर येते. म्हणून काच लवकर साफ होते. बाहेर शून्याच्या आसपास किंवा खाली गेलं की बहुतेक गाड्यांत कॉम्प्रेसर स्वतःच थांबतो, पण तेव्हा त्याची गरजही उरत नाही. उणे दहा अंशांच्या हवेत घनमीटरला जेमतेम सव्वादोन ग्रॅम पाणी मावतं, वीस अंशांच्या हवेत सुमारे १७ ग्रॅम. बाहेरची हवा मुळातच कोरडी असते, फक्त ती आत येऊ द्यायची. आतलीच हवा फिरवत ठेवली, तर चार माणसांचा श्वास काचेवर बसतो.

हे रोजच होत असेल तर कारण शोधा. कापडी पायपुसण्यांच्या जागी कडा असलेली रबराची घ्या. गाडीत येणारी हवा गाळणारा केबिन फिल्टर बदला. तो तुंबला की ब्लोअरचा जोर निम्मा होतो. दारांच्या रबरातून आणि डिकीतल्या स्टेपनीच्या खळग्यात पाणी शिरतंय का, ते बघा. काचेवर आतून तेलकट थर बसत असेल, गोडसर वास येत असेल आणि कूलंट कमी होत असेल, तर हीटरची आतली जाळी गळतेय. तिथे फडक्याने भागणार नाही, गाडी मेकॅनिककडे न्या.

आदल्या संध्याकाळी

काचेवर हिमाचा पापुद्रा धरायला हवा शून्याखाली जावी लागत नाही. आभाळ निरभ्र असेल तर काच आणि पत्रा आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडतात आणि आजूबाजूच्या हवेपेक्षा काही अंशांनी जास्त थंड होतात. महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या परिसरात दवबिंदू गोठतात आणि गाड्यांच्या टपांवर हिमकण दिसतात, तेव्हा हवामानाच्या नोंदीत मात्र पारा शून्याच्या वर असतो, त्याचं कारण हेच. म्हणून हवेचा अंदाज तीन-चार अंश आणि आभाळ स्वच्छ असं असेल, तर सकाळी खरवडावं लागणार असं धरून चाला. गाडी झाडाखाली, छपराखाली किंवा इमारतीच्या भिंतीला लागून उभी केली तरी फरक पडतो. पुढची काच पूर्वेला ठेवली तर सकाळचं ऊन अर्धं काम करतं.

काचेवर आच्छादन हा सर्वात चांगला उपाय. पाणी न शोषणारं, कडा दारांत अडकवता येणारं घ्या. जुनी चादर किंवा पोतं नको. ती ओली होते, गोठते आणि काचेला अशी चिकटते की बर्फ परवडला.

वायपर उभे करून ठेवावेत की नाही? नुसता दवाचा पापुद्रा धरणार असेल तर जरूर करा. वादळी वारा असेल तर नको. उभा दांडा वाऱ्याने काचेवर आपटला तर काच फुटू शकते. काही गाड्यांत वायपर बॉनेटच्या कडेखाली लपलेले असतात. त्यांना आधी दुरुस्तीच्या स्थितीत आणावं लागतं, ते कसं हे गाडीच्या पुस्तकात असतं. जोर लावून उचलले तर बॉनेटचा रंग उडतो.

काच धुण्याच्या फवाऱ्याच्या टाकीत हिवाळ्याचं वॉशर लिक्विड असलं पाहिजे. अमेरिकेत उणे २० फॅरेनहाइट, म्हणजे उणे २९ सेल्सियसचं, सहज मिळतं. कॅनडात उणे ४०चं. टाकीत उन्हाळ्यातलं पाणी उरलेलं असेल तर आधी ते फवारून संपवा आणि मग नवं भरा, म्हणजे नळ्यांतही नवं पोहोचेल. कूलंट तिथे कधीही घालू नका, काचेवर चिकट तवंग येतो. उत्तर अमेरिकेतल्या बहुतेक वॉशर लिक्विडमध्ये मेथॅनॉल असतं. ते विषारी आहे, मुलांच्या हाताला लागेल असं ठेवू नका. आणि हमरस्त्यावर वेगात असताना थंड काचेवर ते फवारू नका: मेथॅनॉल क्षणात उडून जातं, पाणी गोठतं आणि समोर काहीच दिसेनासं होतं. आधी काच गरम होऊ द्या.

इलेक्ट्रिक गाडी असेल तर हे सगळं खूप सोपं. मोबाइलवरून निघायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी गाडी तापवायला लावा, चार्जरला जोडलेली असतानाच, म्हणजे बॅटरी खर्च होत नाही. एंजिन तापायची वाट बघायची नसल्याने हवा लगेच गरम येते. टपावरचा बर्फ मात्र हातानेच काढावा लागतो.

थोडं कायद्याचं

दोन टिकल्यांएवढी जागा साफ करून निघणं धोक्याचं तर आहेच, बेकायदाही आहे. जर्मनीत अशा 'भोकातून बघत' गाडी चालवल्याबद्दल दहा युरो दंड आहे, आणि अपघात झाला तर विम्याचे पैसे कापले जाऊ शकतात. तिथे उभ्या गाडीचं एंजिन नुसतं तापवत ठेवलं तर दंड ८० युरोंपर्यंत जातो, म्हणून जर्मनीत आधी खरवडा, मग चावी फिरवा. न्यू जर्सीत टपासकट सगळा बर्फ काढण्याचा वाजवी प्रयत्न करणं बंधनकारक आहे. न केल्यास २५ ते ७५ डॉलर, आणि उडालेल्या बर्फाने कुणाला इजा झाली किंवा नुकसान झालं तर कितीतरी जास्त.

लडाख, स्पितीला गाडी नेणार असाल

पुण्या-मुंबईहून स्वतःची गाडी घेऊन थंडीत लेह किंवा काझाला जाणाऱ्यांची अडचण वेगळी: गाडी उष्ण हवेची सवय असलेली. खास स्क्रेपर नाही मिळाला तर भिंतीला पुट्टी लावायची रुंद प्लॅस्टिकची पट्टी चालते. आयसोप्रोपिल अल्कोहोल इथूनच घेऊन जा. वॉशरच्या टाकीत साधं पाणी असेल तर कडक थंडीत शिरण्याआधीच संपवा, नाहीतर टाकी किंवा पंप फुटतो. मागच्या काचेच्या तारा खालच्या मॉडेलमध्ये नसतात, आपल्या गाडीत आहेत का ते निघण्याआधी बघा. रात्री एंजिन चालू ठेवून बंद गाडीत झोपू नका, कारण कार्बन मोनॉक्साइडचंच.

आणि कूलंट तपासून घ्या. महाराष्ट्रात रेडिएटरमध्ये कमी पडलं की बाटलीतलं साधं पाणी ओतायची सवय असते, त्यामुळे कूलंट पातळ होत जातं. अर्धं कूलंट आणि अर्धं डिस्टिल्ड पाणी असं मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. नुसतं पाणीच जास्त असेल तर उणे पंधराच्या रात्रीत ते गोठून एंजिनचा ब्लॉक तडकू शकतो. गॅरेजमध्ये हायड्रोमीटरने हे दोन मिनिटांत कळतं. कमी निघालं तर वरून भर न घालता सगळं काढून नवं भरून घ्या.